तीस डीबी

हैदराबाद, १४ फेब्रुवारी १९५५

निलक्कास,

सिद्धरामाचा शरणार्थ, नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातलं नाहीस तर पुढचं वाच. पावणेदोन वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली. तिन्ही खटकचिंचोळीहून सिद्धव्वा मावशीनं न उघडता अव्वाकडं आळंदला धाडली. अव्वानं ती माझ्यासमोर ठेवली आणि आईच्या हक्कानं म्हणाली, "तिच्या मनात न्हाई, तर कामून लिहायलास?" मग मी बंद केलं. आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे.

तार-टेलिफोन खात्यानं मला इथं दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलंय. आज सकाळी शिकवणारे उद्धवराव मास्तर वर्गात आले आणि काही न बोलता फळ्यावर एवढंच लिहिलं: ३० डीबी, म्हणजे डेसिबल. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "ही ताकद किती? सांगा."

मी पुढच्या बाकावर होतो. हात वर केला. म्हणालो, "फार थोडी, साहेब. एका वॉटचा दहा लाखावा भाग." वरंगळचा एक जण मागून म्हणाला, "चूक. पुरा एक वॉट." मला हसू आलं. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "दोघंही चूक. ही ताकदच नाही. आळंद दहा कोस, असं मी म्हणालो तर तुम्ही काय विचाराल? कुठून दहा कोस? कुठल्या दिशेला? तीस डीबी म्हणजे हजारपट, एवढंच. कशाच्या हजारपट, आणि वर का खाली, ते या आकड्यात कुठं आहे?"

मग त्यांनी डीबीला चिकटून एक छोटा एम काढला. म्हणाले, एम लागला की माप एका मिलिवॉटपासून धरायचं. मिलिवॉट म्हणजे वॉटचा हजारावा भाग. तो शून्य. त्याच्यावर तीस असेल तर एक वॉट होतो. त्याच्याखाली तीस असेल तर आधी उणे चिन्ह घालायचं, आणि मग तो वॉटचा दहा लाखावा भाग होतो. पूर्वी काही ठिकाणी सहा मिलिवॉटला शून्य धरत, म्हणून तर अक्षर लावायची शिस्त आली. एकटं डीबी फक्त फरक सांगतं, इथून तिथवर किती वाढलं किंवा किती घटलं. "चिन्ह आणि अक्षर हे शोभेला नसतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही लिहिता एका गावात, वाचणारा बसलेला असतो दुसऱ्या गावात."

अक्का, माझे कान गार पडले. वहीत मी हिशोब मांडला. उणे तीस आणि अधिक तीस. मधला फरक साठ. साठ म्हणजे दहा लाखपट.

दहा लाखपट.

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. मास्तरांना वाटलं ऊन लागलं.

मला १९५३ च्या मे महिन्यातली ती दुपार आठवली. तू बसवनसांगवीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, मी देवताळच्या तारेच्या चौकीत, मध्ये बारा कोस तार. शेतकऱ्यांचा रेडिओ-कार्यक्रम तारेवरून बाजारातल्या भोंग्यावर आणायचा म्हणून लाइन तपासत होतो. मी तुला फोनवरून मजकूर सांगितला, तू उतरवून घेतलास आणि चिठ्ठी मडिवाळप्पा मेकॅनिकला दिलीस. बारीक सूर पाठवायचा होता. तुझ्या कानात आला तो...

मी मजकुरात उणे म्हणालो होतो. एमसुद्धा म्हणालो असणार. मला तसं पक्कं आठवतं. फोनवर खरखर होती. कदाचित उतरवून घेताना एखादं अक्षर गेलं असेल. कुणाचाही दोष म्हणून नाही म्हणत मी. फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं, की तुझ्या कानाला जे झालं ते एका अक्षरानं आणि एका आडव्या रेघेनं झालं असेल.

तुझ्या कानात अजून वाजतं का? अव्वाला विचारलं तर ती सांगत नाही.

तुझा
सिद्धराम

देवताळ, ६ मार्च १९५५

निलक्का,

मागचं पत्र परत आलं नाही. म्हणजे तू उघडलंस, किंवा फाडलंस. उघडलं असशील तर त्यातली एक ओळ खोडून टाक. "उतरवून घेताना एखादं अक्षर गेलं असेल" ती.

रविवार जोडून दोन दिवसांची रजा मिळाली. मी आळंदला अव्वाकडं गेलो नाही, सरळ देवताळला आलो. चौकीत मजकुराच्या जुन्या वह्या कपाटाच्या तळाला असतात. फोनवर जो मजकूर सांगायचा तो आधी वहीत लिहायचा आणि वहीत बघूनच बोलायचा, असा इथला नियम. म्हणजे वहीत आहे तेच मी बोललो. ५३ ची वही वाळवीनं कडेनं खाल्लीय, पण ते पान शाबूत आहे.

माझं अक्षर आहे. तूच शिकवलेलं. शाळेत सगळं उर्दूत चालायचं, आणि संध्याकाळी तू जोंधळ्याच्या पोत्यावर पाटी ठेवून मला मराठी गिरवायला लावायचीस, "र"ची शेपटी नीट काढ म्हणून टपली मारायचीस. त्याच अक्षरात लिहिलंय: "टोन ३० डीबी लावा. ऑपरेटरने लाइनीवर ऐकून कळवावे."

उणे नाही, एम नाही. पुढं-मागं कुठं खाडाखोडही नाही.

अक्का, मी वही उजेडात धरली, पान उलटून मागून बघितलं. बोट फिरवून बघितलं, शाई उडाली असेल म्हणून. खोटं कशाला बोलू, ती रेघ तिथं असावी आणि चूक तुझी निघावी असं मला वाटत होतं. हैदराबादहून न जेवता इथं पळत आलो ते त्यासाठीच. हे लिहिताना माझीच मला घाण वाटते.

तसं मी कामून लिहिलं तेही आता कळलं. आमच्या चौकीत डीबी म्हणजे घट. तारेत किती गेलं, एवढंच आम्ही मोजायचो, त्यामुळं तीस म्हटलं की माझ्या डोक्यात "तीस खाली" असंच यायचं. मडिवाळप्पा ॲम्प्लिफायरवाला. त्याच्याकडं डीबी म्हणजे वाढ. यंत्रातून एक मिलिवॉटचा सूर निघायचा. मला वाटलं तो घटवून देईल. त्यानं ॲम्प्लिफायर लावून हजारपट वाढवून दिला. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

आणि तुझ्या अपघाताच्या चौकशीत मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "सूर बारीक होता तर ऑपरेटरला इजा कशी झाली?" मी म्हणालो, "साहेब, लाइनीच्या भोकात घालायचा प्लग तिनं ॲम्प्लिफायरच्या भोकात घातला असेल."

तू समोरच्या स्टुलावर बसली होतीस. डाव्या कानावर पदर दाबून धरलेला. उजव्या कानानं तुला ऐकू येत होतं. मी तुझ्याकडं बघूनच बोललो होतो. "असेल" म्हणालो होतो, पण साहेबांनी लिहिताना "असेल" काढून टाकलं.

पत्र इथंच थांबवतो. लिहवत नाही.

सिद्धराम

आळंद, २७ मार्च १९५५

अक्का,

रविवार म्हणून कालच हैदराबादहून आलो. हे पत्र आपल्या घरी, अव्वाच्या समोर बसून लिहायलोय. अव्वा विचारते, "रडायलास व्हय?" मी म्हणालो, "धूर लागला." चूल विझलेली आहे.

आज मी मडिवाळप्पाला भेटलो. तो आता पेन्शनीत आहे, इथंच आडत बाजारात भावाच्या दुकानी तुरीचे नमुने बघत बसतो. मला बघितल्यावर तोंड फिरवलं. मी वही पुढं केली. म्हणालो, "अप्पा, चूक तुमची नव्हती. बघा, मी कसं लिहिलंय." मला वाटलं त्याला बरं वाटेल.

त्यानं चष्मा लावला, वाचलं, वही मिटली. बराच वेळ तूर हातात घोळवत बसला. मग म्हणाला, "तुला आठवंना व्हय रे?"

"काय?"

"तिनं तुला परत फोन केलता."

मी म्हणालो, "कुणी?"

"तुझ्या बहिणीनं. चिठ्ठी वाचून मीच तिला म्हणालो, पोरी, तीस वर का तीस खाली, विचार बरं. तिनं माझ्यासमोर देवताळ लावलं. विचारलं. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं न्हाई. तिचं तोंड तेवढं दिसलं. रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, तीस म्हणजे तीस म्हणायलाय. मग मी माझ्या अकलेनं लावलं."

अक्का, बाजार सगळा चालू होता, हमाल ओरडायलते, आणि मला काहीच ऐकू येईना. मग एकदम सगळं आठवलं. सगळं. त्या दिवशी देवताळला गुलबर्ग्याचे एक बडे साहेब पाहणीला आले होते, माझ्या खांद्यामागं उभे होते. घंटी वाजली. तू म्हणालीस, "सिद्धू, तीस वर का खाली? कशाच्या मानानं तीस, ते सांग." साहेब ऐकायलते. माझ्या बहिणीनं, ऑपरेटरनं, साहेबांसमोर मला प्रश्न विचारावा याची मला लाज वाटली. मी म्हणालो, "तीस म्हणजे तीस. कळत न्हाई तर विचारायलीस कामून? काम चालू करा." आणि साहेबांकडं बघून हसलो. साहेबपण हसले.

उद्धवराव मास्तरांनी फळ्यापाशी जे विचारलं, नेमकं तेच तू मला विचारलं होतंस. वर का खाली हे मडिवाळप्पाला सुचलं, पण कशाच्या मानानं हे त्या अख्ख्या लाइनीवर विचारणारी तू एकटी होतीस. आणि हे मी विसरलो. ठरवून विसरलो असं नाही. पण असं कसं माणूस विसरतो? पावणेदोन वर्षं मी नीट जेवलो, झोपलो. माझ्या डोक्यात ती घंटी एकदासुद्धा वाजली नाही.

मडिवाळप्पानं आणखी एक सांगितलं. तू खुर्चीवरून पडलीस तेव्हा त्यानं घाबरून ॲम्प्लिफायर लाइनीतून काढला आणि बाजूला ठेवला. चौकशीत म्हणाला, तो लाइनीला न जोडता नुसता तापत ठेवला होता. म्हणूनच साहेबांना माझं प्लगचं बोलणं पटलं. "माझी पेन्शन आठ महिन्यांवर होती," तो म्हणाला. "तुझी नोकरी नवी. आपण दोघांनी मिळून तिच्यावर घातलं. मी ठरवून घातलं. तू न ठरवता घातलास, एवढाच फरक."

त्या हेडफोनला आवाजाचा धक्का अडवायची चकतीसुद्धा नव्हती. फार जुना होता. तेही कुणी लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा". तुझी नोकरी गेली. अफजलपूरच्या पाहुण्यांनी तेवढ्यावर लग्नाची बोलणी मोडली, म्हणाले बहिरी मुलगी आणि वर निष्काळजी. मी तेव्हा तुला काय म्हणालो होतो? "नशीब" असं काहीतरी.

मला आज तुला माफी मागायचीसुद्धा भीती वाटते.

सिद्धराम

हैदराबाद, ३ एप्रिल १९५५

निलक्का,

हे पत्र थोडक्यात लिहितो, कारण बाकीचं सगळं अर्जात लिहिलंय. अर्जाची नक्कल सोबत आहे.

मी खात्याला माझं बयान दिलं. वहीचं पान जोडलं. तू परत फोन करून विचारलं होतंस तेही लिहिलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही. मी आळंदहून निघण्याआधी मडिवाळप्पानं आपलं बयान वेगळं लिहून दिलं. सही करताना त्याचा हात दोनदा अडला, पण केली.

उद्धवराव मास्तरांना मी आधी अर्ज दाखवला. त्यांनी वाचून विचारलं, "नोकरी जाईल, ठाऊक आहे?" म्हणालो, "व्हय." ते म्हणाले, "एका शब्दानं तुला यातून सुटता येईल. तारेवर खरखर होती, एवढं लिही. कुणी तपासू शकणार नाही." बहुतेक माझी परीक्षा बघायलते. किंवा दया आली असेल. मी नको म्हणालो. खरखर नव्हती. तुझा आवाज लख्ख ऐकू आला होता. पहिल्या पत्रात मी तुला खरखर होती असं लिहिलं, तेही खोटं.

जूनमध्ये फेरचौकशी आहे. तुला समन्स येईल. येणं न येणं तुझ्या मनावर. तू आली नाहीस तरी मी जे लिहिलंय तेच बोलेन.

सिद्धराम

देवताळ, १९ जून १९५५

अक्का,

तू खटकचिंचोळीला पोचलीस का? सिद्धव्वा मावशी बस लागून बेजार झाली होती, आता बरी आहे का?

चौकशीच्या खोलीत जे झालं ते तुला ठाऊक आहे, तू समोरच होतीस. पण मी ते लिहून काढतोय, कारण माझ्या विसरण्यावर माझा भरवसा राहिला नाही.

तू आत आलीस तेव्हा मी उठलो. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. खुर्ची उचलून साहेबांच्या दुसऱ्या अंगाला नेलीस, उजवा कान त्यांच्याकडं येईल अशी. शिपायानं विचारलं, "हे काय?" तू म्हणालीस, "मला इकडून ऐकू येतं." मला ते इतकं लागलं, की साहेबांचा पहिला प्रश्नच मी ऐकला नाही. दोन वर्षं तू प्रत्येक खोलीत अशी खुर्ची हलवत असशील, आणि मला ते त्या दिवशी दिसलं.

मी सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "पहिल्या चौकशीत हे का नाही बोललास?" मी म्हणालो, "आठवत नव्हतं." ते म्हणाले, "यावर विश्वास ठेवू?" मी म्हणालो, "नका ठेवू. माझाच बसत नाही."

मग त्यांनी तुला विचारलं, "बाई, तुम्ही फोन करून विचारलं होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

तू काय म्हणालीस ते मी लिहितो, चुकलं तर सांग. "साहेब, चौकशी माझी होती. खोलीत चार पुरुष. त्यातला एक माझा भाऊ. मला वाटलं, हे तो सांगील. मी सांगितलं तर त्याची नोकरी माझ्या तोंडानं गेली असती. त्यानं सांगितलं असतं तर त्याच्या तोंडानं वाचली असती बी. म्हणून मी थांबले."

साहेबांनी टाक खाली ठेवला.

बाहेर व्हरांड्यात मी तुझ्या पाया पडायला वाकलो. तू मागं सरलीस. मी चुकून डाव्या बाजूला उभा राहिलो होतो. तू माझा दंड धरून मला दुसरीकडं फिरवलंस. दोन वर्षांनी तुझा हात लागला तो असा.

मी म्हणालो, "अक्का, एक अक्षर राहिलं माझ्याकडून."

तू म्हणालीस, "अक्षराचं सोड. अक्षर कुणाचं बी राहतं. मला बी तेव्हा एम-बिम ठाऊक नव्हतं, नुसतं अंदाजानं विचारलं मी. तू मला उडवून लावलास, ते बी मी गिळलं असतं. साहेब उभा असल, म्हणाले मी मनात."

"मग?"

"तू माझ्याकडं बघून बोललास, प्लग तिनं चुकीचा घातला. सिद्धू, मी तीन वर्षं त्या बोर्डावर काम केलं. डोळे झाकून भोकं सांगायचे मी. तुला हे ठाऊक होतं. दुनियेत दुसऱ्या कुणाला न्हाई तरी तुला ठाऊक होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी वाट बघायलते. म्हणलं येईल, म्हणील अक्का, तोंडातून निघून गेलं. एक दिवस बघितली. महिनाभर बघितली. मग मावशीकडं निघून आले. कानातलं वाजणं मला कमी त्रासाचं झालं होतं तवर."

मी विचारलं, "अजून वाजतं?"

"आता बी वाजायलंय. तू बोलायलास त्याच्या पाठीमागं."

मग मावशी म्हणाली बस सुटंल, आणि तुम्ही दोघी निघालात. जाताना तू म्हणालीस, "पत्रं लिहायचं तर लिही. वाचते मी. उत्तराचं काही सांगत न्हाई."

म्हणून लिहिलं. एवढंच.

सिद्धराम

देवताळ, २८ ऑगस्ट १९५५

अक्का,

हुकूम आला. तुझ्यावरचा निष्काळजीपणाचा शेरा रद्द. तुला जागा परत देऊ केली आहे, एक्स्चेंज गुलबर्ग्याचं. मला खाली उतरवून लाइनमन केलं, नेमणूक देवताळलाच. मडिवाळप्पाला, पेन्शनीत असला तरी, लेखी ताकीद. खात्यानं एक परिपत्रकही काढलंय, यापुढं नुसतं डीबी लिहायचं नाही, पुढं चिन्ह आणि मागं अक्षर असल्याशिवाय मजकूर घ्यायचा नाही, आणि ऐकणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा. त्यात तुझं नाव नाही. असायला पाहिजे होतं. मी साहेबांना तसं म्हणालो, ते म्हणाले परिपत्रकात नावं नसतात.

अव्वा म्हणते तू नाही म्हणालीस. त्या बोर्डासमोर परत बसायचं नाही, हेडफोन बघितला तरी घाम फुटतो म्हणालीस. बरोबर आहे. तुला कुणी आग्रह करणार नाही. मीही नाही.

खांबावर चढायला मला अजून जमत नाही. कल्लप्पा म्हणून जुना लाइनमन आहे, तो खालून हसतो. म्हणतो, "साहेब होतास, आता माकड हो." माणूस चांगला आहे. तारेला कुठं चिमणी बसली तरी त्याला दोन कोसांवरून कळतं. काल त्यानं मला पूर्ण दिवस नुसतं खांबाला कान लावून ऐकायला लावलं. मी तुझ्या कानाचा विचार करत राहिलो. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

सिद्धराम

देवताळ, १२ सप्टेंबर १९५६

अक्का,

वर्षभरात मी तुला अकरा पत्रं लिहिली, तुझं एकही आलं नाही. माझी तक्रार नव्हती. तू वाचते म्हणाली होतीस, तेवढ्यावर मी लिहीत होतो. इकडच्या गोष्टी, खांब, पाऊस, गावात चाललेली वादावादी, नव्या राज्यरचनेत आपण म्हैसुरात जाणार का मुंबईत. अव्वाचे गुडघे. तू गुलबर्ग्याला गेलीस हे मात्र अव्वानंसुद्धा मला सांगितलं नाही. तूच तिला सांगू दिलं नसशील.

काल चारच्या सुमाराला मी चौकीत एकटा होतो. कल्लप्पा तारेवर गेला होता. घंटी वाजली. मी रिसीव्हर उचलला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज, एकदम सरकारी: "देवताळ? गुलबर्गा बोलायलंय. नवीन ऑपरेटर. लाइन कशी हाय?"

मी "चांगली हाय" म्हणालो, आणि म्हणता म्हणता आवाज ओळखला.

तू म्हणालीस, "ओळखलास व्हय?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. तू थांबलीस. मग म्हणालीस, "आज चौथा दिवस हाय. पहिल्या दिवशी हेडफोन उचलला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी बी तसंच. काल लावला. उजव्या कानाला घालून घेतला, सगळ्या पोरी बघायलत्या. मी म्हणलं, बघा. मला असं ऐकू येतं." आणि तू हसलीस. फोनवर हसलीस अक्का, मी ऐकलं.

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. काय ते मलाच ठाऊक नाही. तुला नुसता श्वास ऐकू गेला असेल.

"सिद्धू," तू म्हणालीस, "लाइनीवर आणखी लोक थांबलेत. बोलायचं असलं तर बोल, रडायचं असलं तर पत्र लिही. ठेवू का?"

मी "ठेव" म्हणालो. म्हणून हे लिहायलोय.

तुझा
सिद्धू